निवटोबाचं बीळ भरेना

सांगा बघू बाळांनो, विश्वास कुणावर ठेवायचा? खूप खूप बोलतो त्याच्यावर, की तोंड मिटून बसतो त्याच्यावर?

घाई नको. दोन्ही मनात ठेवा. आधी गोष्ट ऐका.

एक होती खाडी. खाडीत होता चिखल. काळा काळा, मऊ मऊ, लोण्यासारखा. चिखलात होतं बीळ. बिळात राहायचा निवटोबा.

निवटोबा केवढा? आईच्या बोटाएवढा. निवटोबा मासा, पण चिखलावर चालायचा. निवटोबा मासा, पण उड्या मारायचा. आणि डोळे कुठे? डोक्यावर! गोल गोल, बेडकासारखे.

सुळुक टुण! सुळुक टुण!

निवटोबाच्या बिळात होती अंडी. मोहरीएवढी, पिवळी पिवळी. ती निवटोबाची बाळं. अंडी राखायचं काम बाबाचं. निवट्यांच्या घरात असंच असतं बरं का!

रोज भरती यायची. सळ्ळ सळ्ळ. बीळ भरायची. बाळं पाणी प्यायची. मग ओहोटी व्हायची. सळ्ळ सळ्ळ. रोजचं येणं, रोजचं जाणं. कधी खाडा नाही.

एक दिवस काय झालं? खाडीवर रस्ता आला.

पलीकडच्या उतारावर दाजीशेटचे बंगले व्हायचे होते. बंगल्यांना रस्ता हवा. म्हणून दाजीशेटने खाडीत बांध घातला. या काठापासून त्या काठापर्यंत. लाल लाल मातीचा. बांधाच्या पोटात एक नळ ठेवला. सिमेंटचा, गोल गोल. पाण्याने त्यातून आत यावं, त्यातून बाहेर जावं. त्या नळाला म्हणतात मोरी.

पुनवेच्या दिवशी मोरी बसली. मोरीतून पाणी आलं. गळ्ळ गळ्ळ! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दाजीशेटने नारळ फोडला. खोबरं वाटलं. सगळे घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं थोडं. तिसऱ्या दिवशी आलं त्याहून थोडं. मग आलंच नाही.

निवटोबा वाट बघत बसला. सकाळ झाली, पाणी नाही. संध्याकाळ झाली, पाणी नाही. पुन्हा सकाळ झाली. चिखल वाळला. चिखलाला भेग पडली. टच्च!

बिळात पाणी उरलं एवढंसं. चमचाभर. पिवळी बाळं कोमेजली.

निवटोबा म्हणाला, "आज पाणी नाही आलं, तर माझी बाळं जगायची नाहीत."

आणि निवटोबा निघाला. सुळुक टुण! सुळुक टुण!

चढला बांधावर. उतरला पलीकडे. तिथे होती भरती. बांधाला टेकून उभी. सळ्ळ सळ्ळ.

"भरतीबाई, भरतीबाई!
बीळ भरेना, बाळं तहानली!
तेवढ्या आत या ना!"

भरती म्हणाली, "का नाही? येईन की! पण वाट कुठंय, बाळा? ती मोरी बघ, माझ्या डोक्याच्याही वर. आधी मोरी उतरू दे, मग मी!"

निवटोबा निघाला. सुळुक टुण! सुळुक टुण!

मोरी होती बांधाच्या पोटात. तोंडाचा आ करून बसलेली. आत वारा घुमत होता. हूं हूं! हूं हूं!

"मोरीताई, मोरीताई!
भरती येईना,
बीळ भरेना, बाळं तहानली!
तेवढ्या खाली उतरा ना!"

मोरी म्हणाली, "का नाही? उतरेन की! मला तरी कोरडं तोंड कुठं आवडतंय? पण या बांधाने मला आवळून धरलंय. आधी बांध सोडू दे, मग मी!"

निवटोबा निघाला. सुळुक टुण! सुळुक टुण!

बांध होता लांबच लांब. अजगरासारखा आडवा पडलेला. अंगावर माती, तिच्यावर माती, तिच्यावर आणखी माती.

"बांधोबा, बांधोबा!
मोरी उतरेना,
भरती येईना,
बीळ भरेना, बाळं तहानली!
तेवढं मोरीला सोडा ना!"

बांध म्हणाला, "का नाही? सोडेन की! पण तो डंपर बघ. येतो काय, ओततो काय! माझ्या पाठीवर नुसता ढीग. श्वास घ्यायला सवड नाही. आधी डंपर थांबू दे, मग मी!"

निवटोबा निघाला. सुळुक टुण! सुळुक टुण!

डंपर आला. घर्र घर्र! पिवळा पिवळा, डोंगराएवढा. निवटोबा एका बाजूला झाला. चाकाच्या धुरळ्याने माखला. डोळे तेवढे दिसत होते. दोन!

"डंपरमामा, डंपरमामा!
बांध सोडेना,
मोरी उतरेना,
भरती येईना,
बीळ भरेना, बाळं तहानली!
तेवढे थांबा ना!"

डंपर म्हणाला, "का नाही? थांबेन की! घर्र! पण माझं चाक माझं कुठाय? ते लवूदादाच्या हातात. आधी लवू ऐकू दे, मग मी!"

निवटोबा निघाला. डंपरच्या पायरीवर चढला. टुण! दारावर चढला. टुण! खिडकीत बसला. टुण!

आत होता लवूदादा. कानात गाणं, गालात सुपारी.

"लवूदादा, लवूदादा!
डंपर थांबेना,
बांध सोडेना,
मोरी उतरेना,
भरती येईना,
बीळ भरेना, बाळं तहानली!
तेवढं ऐका ना!"

लवूदादाने गाणं बंद केलं. सुपारी या गालातून त्या गालात गेली.

लवूदादा म्हणाला, "आयला! निवटा बोलतो! का नाही रे? ऐकेन की! मला पण घरी दोन बाळं आहेत. पण मी मध्येच थांबलो, तर शेट म्हणतील, 'लवू, झोपलास काय?' आधी शेट मानू दे, मग मी!"

निवटोबा निघाला. आता वाट कोरडी होती. लाल माती, खडी, खडी. सुळुक होईना. नुसतं खर्र टुण! खर्र टुण!

दाजीशेट बसले होते माडाखाली. लाल खुर्चीत. हातात चहाचा कप. फुर्र फुर्र!

"दाजीशेट, दाजीशेट!
लवू ऐकेना,
डंपर थांबेना,
बांध सोडेना,
मोरी उतरेना,
भरती येईना,
बीळ भरेना, बाळं तहानली!
तेवढं मोरी उंच बसली, असं माना ना!"

"उंच?" दाजीशेट उठून उभे राहिले. चहा सांडला. "माझी मोरी उंच? अरे, मी स्वतः मापलंय! पुनवेला पाण्यात उभा राहून मापलंय! पाणी कुठवर होतं? इथवर!" आणि शेटने छातीवर हात मारला. थप्प! "पाणी इथवर, म्हणून मोरी इथवर. माझं माप खोटं नाही."

खोटं नव्हतंच. शेट खरं बोलत होते. निवटोबा नुसता डोळे लुकलुकवत राहिला.

दाजीशेटना त्याची दया आली. बसले खाली. म्हणाले, "का नाही? मानेन की! मी काय वाईट माणूस आहे? पण खाडीतलं खाडीवरच्या माणसाने सांगावं. ती तानूकाकू जन्मभर चिखलात उभी आहे. आधी काकू बोलू दे, मग मी!"

निवटोबा निघाला. खर्र टुण! खर्र टुण!

तानूकाकू कुठे होती? बांधाच्या आतल्या बाजूला. मोरीला लागून असलेल्या काळ्या धोंड्यापाशी. लुगडं वर खोचलेलं. हातात टोकदार आकडी. तानूकाकू धोंड्यावरची कालवं काढायची. कालव म्हणजे शिंपल्यातला जीव, दगडाला घट्ट चिकटून बसणारा. आज काकूची पाटी रिकामी होती.

"तानूकाकू, तानूकाकू!
शेट मानेना,
लवू ऐकेना,
डंपर थांबेना,
बांध सोडेना,
मोरी उतरेना,
भरती येईना,
बीळ भरेना, बाळं तहानली!
तेवढं बोला ना!"

काकू खाली वाकली. निवटोबाकडे बघून हसली. "अगो बाई, किती ही धूळ! मासा हायस का मातीचं ढेकूळ?"

मग काकू हसायची थांबली. म्हणाली, "का नाही रे बाबा? बोलेन की! मला दिसत नाय होय? पण माझं कोण ऐकतंय? नारळ फोडला त्या दिशी बोलाय गेले, तर खोबरं दिलं हातात आणि म्हणाले, 'काकू, गप खा.' मला कुणीतरी साक्षीला हवा. हे कालव बघ, धोंड्यावरचं. लई जुनं हाय. आधी कालव तोंड उघडू दे, मग मी!"

निवटोबा काळ्या धोंड्यावर चढला. टुण... टुण... आता तो दमला होता.

धोंड्यावर होतं कालव. पांढरं, खडबडीत. तोंड घट्ट घट्ट मिटलेलं.

"कालवआजोबा, कालवआजोबा!
काकू बोलेना,
शेट मानेना,
लवू ऐकेना,
डंपर थांबेना,
बांध सोडेना,
मोरी उतरेना,
भरती येईना,
बीळ भरेना, बाळं तहानली!
तेवढं तोंड उघडा ना!"

कालव गप्प.

निवटोबाने कान लावला. आतून बारीक आवाज आला. अगदी बारीक.

"का नाही... उघडेन की... पण मी सुकलोय. कोरडं तोंड उघडलं, तर मी मरेन. आधी भरती येऊ दे... मग मी."

निवटोबा मटकन खाली बसला.

कालव म्हणतं, आधी भरती. भरती म्हणते, आधी मोरी. मोरी म्हणते, आधी बांध. बांध म्हणतो, आधी डंपर. डंपर म्हणतो, आधी लवू. लवू म्हणतो, आधी शेट. शेट म्हणतात, आधी काकू. काकू म्हणते, आधी कालव. आणि कालव म्हणतं, आधी भरती!

गोल गोल फिरून गोष्ट होती तिथेच आली. सगळे भले. सगळे म्हणतात, "का नाही?" आणि सगळे म्हणतात, "मग मी!"

मग आधी कोण?

निवटोबा विचार करत बसला. ऊन तापलं. पाठ भाजली. तरी बसला.

आता निवट्यांची एक गंमत सांगू? निवटा पाण्याबाहेर आला, की गालात पाणी धरून ठेवतो. घोटभर. त्या घोटावर त्याचा श्वास चालतो. निवटोबाच्याही गालात एक घोट होता. सकाळी भरतीच्या पायाशी भरून घेतलेला. तेवढाच. त्यातला थोडा बाळांना नेऊन द्यायचा, असं त्याने मनात ठरवलं होतं.

एक घोट. बाळांना दिला, तर बाळं तेवढीच थोडा वेळ ओली. कालवाला दिला, तर... काय माहीत?

निवटोबाने बिळाकडे पाहिलं. कालवाकडे पाहिलं. पुन्हा बिळाकडे पाहिलं.

मग तो उठला आणि म्हणाला, "आधी मी."

गाल फुगवले. पुळुक! गालातला सगळा घोट कालवाच्या तोंडावर सोडला.

थेंब आत गेले. एक. दोन. तीन. जरा वेळ काहीच झालं नाही.

आणि मग... टक्!

कालवाने तोंड उघडलं!

कालव म्हणालं, "तानू, ऐक. मी जिथे रोज भिजतो, तिथेच बसतो. माझ्या वरती बघ. धोंडा नुसता मोकळा. का? तिथवर पाणी उधाणाला येतं, रोज नाही. रोजचं पाणी माझ्यापर्यंत. आता माझ्यापासून मोरीपर्यंत माप."

काकूने हात पसरला. कालवापासून मोरीपर्यंत माप घेतलं. एक वीत. दोन वीत. तीन वीत!

मोरी कालवाच्या तीन विती वर!

काकूने एका हातात पाटी धरली. दुसऱ्या हातात निवटोबाला घेतलं, ओल्या फडक्यात गुंडाळून. आणि काकू निघाली. ताड ताड ताड!

काकू बोलली.

"काय वो शेट! पुनवेला मापलंत नव्हं? पुनवेला खाडीला उधाण असतं. पाणी फुगतं. मधल्या दिवसांत असतो भांग. पाणी बेताचं. रोज सारखं कुठं असतं? जत्रेच्या दिशी गर्दी बघितलीत, आणि रोजच्या पंगतीला तेवढा भात शिजवलात!"

डंपरच्या खिडकीतून लवूदादा खुदकन हसला. दाजीशेटने त्याच्याकडे बघितलं. लवूदादाने सुपारी या गालातून त्या गालात नेली.

दाजीशेट बांधावरून आत उतरले. चपला हातात. चिखलाची भेग बघितली. धोंड्यावरचं कालव बघितलं. स्वतःच्या हाताने माप घेतलं. एक वीत. दोन वीत. तीन वीत. पुन्हा घेतलं. तीनच.



मग म्हणाले, "माप खरं होतं. पण एकाच दिवसाचं होतं. चुकलं माझं."

शेटने मानलं, लवूने ऐकलं.
लवूने ऐकलं, डंपर थांबला. घर्र... घर्र... घुप्प!
डंपर थांबला, बांध सुटला. ढस्स!
बांध सुटला, मोरी उतरली. एक वीत, दोन वीत, तीन वीत आणि वर चार बोटं. धप्प!

आता भरतीची वाट बघायची.

सगळे बसले बांधावर. दाजीशेट, लवूदादा, तानूकाकू. काकूच्या मांडीवर ओलं फडकं. फडक्यात निवटोबा. दोन डोळे बाहेर.

ऊन उतरलं. बगळा आला, बसला, उडाला.

आणि लांबून आवाज आला. सळ्ळ सळ्ळ. सळ्ळ सळ्ळ.

मोरी उतरली, भरती आली! गळ्ळ गळ्ळ गळ्ळ!
भरती आली, भेग बुजली.
भेग बुजली, बीळ भरलं!

निवटोबा फडक्यातून सुटला. सुळुक टुण! सुळुक टुण! सुळुक टुण! शिरला बिळात. गाल भरून पाणी घेतलं. अंड्यांपाशी गेला.

पिवळी अंडी. गप्प अंडी.

मग एक हललं. मग दुसरं हललं. मग... वळवळ वळवळ वळवळ! दोऱ्याएवढी बाळं बाहेर आली. एवढीशी शेपूट, एवढे मोठे डोळे! पाण्यात इकडे पळाली. पाण्यात तिकडे पळाली. बाबाच्या नाकावर आपटली. टुप!

निवटोबा बिळाच्या तोंडाशी आला. त्याने मोठ्ठी उडी मारली. इतकी मोठ्ठी, इतकी मोठ्ठी, की लवूदादाच्या टोपीत पडला!

दुसऱ्या दिवशी ओहोटी होती. दाजीशेट चिखलात आले. बिळं बघत फिरले. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच बिळांत पाणी हलत होतं. पाच बिळांत कुणीतरी होतं.

शेट खूश झाले. म्हणाले, "काकू, पाच भरली! सगळ्यांना सांगतो, पाच भरली!"

काकू म्हणाली, "सांगा की. आणि रिकामी किती?"

शेट पुन्हा फिरले. सावकाश. एकेका बिळाशी वाकून. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. सात बिळं रिकामी होती. त्यांच्यात पाणी होतं, पण कुणी नव्हतं. पाणी यायला उशीर झाला होता.

निवटोबा आपल्या बिळाशी बसून बघत होता. शेजारच्या बिळात काल-परवापर्यंत लाल नांगीचा खेकडा राहायचा. आता तिथे बुडबुडा येत नव्हता.

दाजीशेटने खडू घेतला. बांधाच्या दगडावर लिहिलं, मोठ्या अक्षरात: भरली पाच. जरा थांबले. काकूकडे बघितलं. निवटोबाकडे बघितलं. आणि त्याच्याच शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहिलं: रिकामी सात.

काकूने मान हलवली. पाटी डोक्यावर घेतली. कालवं अजून वाढायची होती. काकू घरी गेली.

तर बाळांनो, तुम्ही कधी खाडीवर गेलात, तर चिखलातली बिळं मोजा. हळू चाला, पाय जपून टाका. भरलेली मोजा, रिकामीही मोजा. उधाणाला मोजा, भांगालाही मोजा. आणि घरी येऊन आईला सांगताना एकही कमी नको, एकही जास्त नको. दिसलं तेवढंच सांगा, दिसलं ते सगळं सांगा. बोलणारा असो की तोंड मिटून बसणारा, विश्वास ठेवायचा सगळा हिशोब सांगणाऱ्यावर. हिशोब खरा ठेवा, बरं का!